दिवाणजींची एंटर की

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेलं एक दुकान आहे. तिथला पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदाचा, प्रोग्रॅम कुणीतरी डॉसवरच्या फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या भाषेत लिहून दिलेला, आणि तो परवापर्यंत चालू होता. त्याच्यासाठी एक जुनं ३२ बिटचं विंडोज ७ जपून ठेवलेलं. ६४ बिटच्या विंडोजवर डॉसचे १६ बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये येतच नाही. म्हणजे तो पीसी गेला की पट्टी गेली. दिवाणजी रोज संध्याकाळी त्याच्यावर रुमाल टाकून जायचे.

मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. दिवाळीनंतर त्यांनी मला बोलावलं आणि तीन गोष्टी सांगितल्या. पट्टी मराठीत निघाली पाहिजे. केबिनमधल्या नव्या विंडोज ११ वर आणि पोराच्या मॅकवरही (पोरगा पुण्याला असतो) हिशेब दिसला पाहिजे. आणि काउंटरचा पीसी बदलणार नाही, "चालतंय की तो!"

मधल्या काळात त्यांनी ब्राउझरमध्ये चालणारं एक तयार सॉफ्टवेअर वर्षाच्या भाड्यानं घेऊन पाहिलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. सौदे संपल्यावर दुकानात पट्टीसाठी पंधरा शेतकरी उभे, नेट गेलेलं आणि स्क्रीनवर गोल गोल फिरणारं चक्र. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात गावभागात माझ्या घरी नेट नव्हतं ते दिवसही मला आठवतात. त्यामुळे डेस्कटॉपवरच करायचं, यावर आमचं लगेच एकमत झालं.

प्रश्न होता कशात करायचं हा. एकदाच लिहायचं आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीकडे चालवायचं, असं म्हणणारी टूलकिटं (खिडक्या, बटणं, रकाने तयार देणारी साधनं) डझनभर आहेत. मी शंभर फुटी रोडवरच्या माझ्या खोलीत बसून एकच स्क्रीन निरनिराळ्या टूलकिटांत लिहिला. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, हातात पडणारी रक्कम आणि खाली 'छापा' असं बटण. प्रत्येक नमुना दिवाणजींसमोर ठेवला. पुढचं परीक्षण त्यातून निघालेलं आहे. कुठल्या टूलकिटला गिटहबवर (प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात त्या साइटवर) पसंतीचे किती तारे आहेत ते मी पाहिलेलं नाही.

सुरुवातीलाच जी बाद झाली ती आधी उरकतो. पायथन भाषेबरोबर फुकट मिळणारं टीकेइंटर एका तासात उभं राहिलं. पण लिनक्सवर त्यात 'शेतकऱ्याचे' हा शब्द टाकला तर अक्षरं एकमेकांना ओळखच देईनात. जोडाक्षर जुळेना, मात्रा भलतीकडे. त्याच्या पोटातलं टीके लिनक्सवर देवनागरीची जुळणी करतच नाही. तिथंच तो विषय संपला. मायक्रोसॉफ्टचं माउई लिनक्सला अधिकृतपणे धरतच नाही. जावाचं स्विंग चालतं, पण मला ते लिहवत नाही, हा माझा दोष. फ्लटर दिसायला देखणं आणि २०२२ पासून तिन्ही डेस्कटॉपवर स्थिर आहे. पण ते मोबाइलवर वाढलेलं पोर, आणि आमचं सगळं काम कीबोर्डवर आणि छपाईवर. जीटीके लिनक्सवर घरचं आहे. विंडोजवर नेताना मात्र बरोबर डीएलएल फाइलींचं अख्खं गाठोडं न्यावं लागतं.

उरली चार. इलेक्ट्रॉन, टाउरी, लाझारस आणि क्यूट.

इलेक्ट्रॉनचा आग्रह माझ्या पुतण्याचा. तो हिंजवडीला नोकरीला आहे. "काका, अख्खं जग इलेक्ट्रॉनवर चाललंय, तुमचा व्हीएस कोडसुद्धा," असं तो फोनवर म्हणाला. व्हीएस कोड म्हणजे मी कोड लिहितो तो एडिटर. खोटं नाही ते. गिटहबवाल्यांनी २०१३ मध्ये अॅटम शेल नावानं सुरू केलेलं हे प्रकरण. आत अख्खा क्रोमियम ब्राउझर आणि ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड बसवलेलं. म्हणजे तुमचा प्रोग्रॅम हे एक वेबपेज, फक्त स्वतःचा ब्राउझर खांद्यावर घेऊन फिरणारं. त्याचे फायदे खरे आहेत. मराठी अक्षरं तिन्हीकडे एकसारखी आणि बिनचूक. पानाला भाषा मराठी असं सांगितलं आणि फाँटमध्ये ती सोय असली, तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. आकड्यांसाठी एका ओळीत १,२५,००० असं लाखाच्या ठिकाणी स्वल्पविराम देऊन आणि देवनागरी अंकांत मिळतं. हे सगळं ब्राउझरमध्ये तयारच असतं. स्क्रीन दोन दिवसांत झाला आणि, मान्य करतो, चौघांत सगळ्यात सुंदर तोच होता.

पण रिकाम्या खिडकीचा प्रोग्रॅमसुद्धा शंभर एमबीच्या पुढे जातो. काउंटरच्या पीसीला ४ जीबी रॅम. आणि २३ व्या आवृत्तीपासून इलेक्ट्रॉननं विंडोज ७ आणि ८ सोडून दिलं. २२ वी आवृत्ती वापरता येते, पण मग आतला क्रोमियम कायमचा जुना राहतो. मी तो चालवून पाहिला. उघडायला इतका वेळ घेतला की दिवाणजींनी दरम्यान तंबाखू मळली, चुना लावला, आणि मग म्हणाले, "आलं का ओ?"

टाउरीनं यावर तोड काढलेली आहे. ब्राउझर बरोबर न्यायचाच नाही, मशीनवर आधीच असलेला वापरायचा. विंडोजवर वेबव्ह्यू २, मॅकवर अॅपलचा, लिनक्सवर वेबकिट-जीटीके. त्यामुळे प्रोग्रॅम काही एमबींचाच होतो. कल्पना मला मनापासून आवडली. पण तीन मशीनवर तीन वेगळी इंजिनं म्हणजे तीन ठिकाणी तीन तक्रारी. माझ्या तक्त्याच्या रेघा विंडोजवर जिथे होत्या तिथे लिनक्सवर नव्हत्या, आणि छापताना पट्टीची शेवटची ओळ दुसऱ्या पानावर जायची. शिवाय पाठीमागची भाषा रस्ट. मी पन्नाशीला आलोय. रस्टचा कंपायलर माझ्याशी माझ्या गणिताच्या सरांसारखा वागतो: चूक माझीच असते, त्यांचं बरोबरच असतं, पण काम पुढे सरकत नाही. तरुण माणसानं जरूर घ्यावं. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याची दुसरी आवृत्ती आली, आता ते पोरकटही राहिलेलं नाही.

लाझारसबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण त्याच्यावर माझा जीव जडला होता. पास्कल भाषेत प्रोग्रॅम करायचं डेल्फी ज्यांनी पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. फ्री पास्कलवर चालणारं, फुकट, फॉर्मवर बटण ओढून टाकायचं आणि डबल क्लिक करून कोड लिहायचा. विंडोजवर ते विंडोजचीच बटणं वापरतं, लिनक्सवर जीटीके किंवा क्यूटची, मॅकवर मॅकची. त्यामुळे मराठी टायपिंग त्या त्या सिस्टिमच्या भरवशावर सुरळीत चालतं. तयार होणारी फाइल एकच, आणि तीही काही एमबींची. विंडोज ७ वर ती अशी उघडली की दिवाणजी दचकले. पॉलिटेक्निकात पास्कल शिकलेल्या माणसाला हे म्हणजे माहेरी आल्यासारखं.

आणि तिथंच मी तोंडावर आपटलो. पट्टीवर नावासाठी जागा २० अक्षरांची. मी सवयीनं नाव २० वर कापलं. छापून आलं तर नावाच्या शेवटी चौकोन आणि प्रश्नचिन्ह. लाझारसमध्ये मजकूर यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत असतो आणि साधी लांबी मोजली तर ती बाइटमध्ये येते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'पाटील' यात प, काना, ट, वेलांटी, ल अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. वीस बाइटांत पाटील बसतात आणि पुढचं नाव दुसऱ्याच अक्षरात चिरलं जातं. त्यासाठी यूटीएफ-८ ची वेगळी फंक्शनं आहेत, ती लावली. मग 'कवठेमहांकाळ' नीट आलं, पण एका लांबलचक नावाचा शेवट हलंत चिन्हावर झाला, म्हणजे अर्धं अक्षर पाय मोडून लोंबकळत राहिलं. चिन्हं मोजून भागत नाही, डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजावी लागतात. हा दोष लाझारसचा नाही, कुठल्याही भाषेत मी हेच केलं असतं. पण धडा तिथं मिळाला म्हणून त्याच्या खात्यावर लिहिला गेला.

लाझारस का सोडलं? अण्णांनी एक प्रश्न विचारला म्हणून. "उद्या तुमचं काही झालं तर हे कोण बघणार?" मी विश्रामबागेत, मिरजेत ओळखीच्या दोन-तीन पोरांना विचारलं. पायथन सगळ्यांना येतं. पास्कल म्हटल्यावर एकानं विचारलं, "तो शास्त्रज्ञ ना?" फॉक्सप्रोनं मी एकदा पोळलेलो आहे. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं फॉक्स विकत घेतलं, २००४ च्या नवव्या आवृत्तीनंतर नवीन आवृत्ती काढली नाही, आणि माझ्यासारखे शेकडो लोक फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली कवटाळून बसले. लाझारसचं तसं होईल असं म्हणत नाही, त्याच्यामागे जीव लावणारी माणसं आहेत. पण सांगलीत ते सांभाळणारा मी एकटा, हे खरं.

तर क्यूट. लिहितात क्यू आणि टी, म्हणायचं क्यूट. सोबत पायसाइड, म्हणजे पायथनमधून क्यूट वापरायची सोय.

हे टूलकिट १९९५ साली नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीनं पहिल्यांदा बाहेर आणलं. २००८ मध्ये नोकियानं ती कंपनी घेतली, २०१२ मध्ये क्यूट डिजिया नावाच्या कंपनीकडे गेलं, आता त्याची स्वतःची कंपनी आहे. यार्डातला गाळा जसा हातोहात फिरतो तसं. गाळा फिरला तरी धंदा का बुडाला नाही? १९९८ मध्ये केडीईवाल्यांबरोबर (क्यूटवर लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्यांबरोबर) एक करार झाला आहे. कंपनीनं फुकट आवृत्ती बंद केली, तर क्यूट मोकळ्या परवान्याखाली खुलं करायचा हक्क एका प्रतिष्ठानाला आहे. फॉक्सप्रोचा अनुभव असलेल्या माणसाला हा करार वाचून झोप लागते.

परवान्याचं एवढं लक्षात ठेवा. पायसाइड एलजीपीएलखाली मिळतं, म्हणजे आपला कोड बंद ठेवून प्रोग्रॅम विकता येतो; फक्त ग्राहकाला क्यूटच्या फाइली बदलता आल्या पाहिजेत आणि परवान्याची प्रत बरोबर द्यायची. दिसायला तस्संच असलेलं पायक्यूट मात्र जीपीएल (म्हणजे प्रोग्रॅम देताना आपला कोडही खुला करायचा) किंवा विकतचं. नाव वाचताना घाई केली तर पंचाईत होते. क्यूटचे काही भागही, उदाहरणार्थ चार्ट, फुकटात घेतले तर जीपीएलच. अण्णांना हळदीच्या दराचा आलेख हवा होता. तो मी दुसऱ्या लायब्ररीनं काढला.

आता काउंटरचा पीसी. क्यूट ६ ला विंडोज १० तरी लागतं. पीसी बदलायचा नाही. मग माझ्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला: तिन्हीकडे चालणारं टूलकिट घेतलंय तर विंडोज ७ पाहिजे कशाला? त्या पीसीत आय-थ्री, म्हणजे प्रोसेसर ६४ बिटचाच होता, त्याच्यावर विंडोज तेवढं ३२ बिटचं टाकलेलं. एका रविवारी त्यावर लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीईवाली आवृत्ती चढवली. फॉक्सप्रोचे जुने हिशेब डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडतात, तेही बघून घेतलं.

लगेच सगळं चाललं असं नाही. प्रोग्रॅम सुरूच होईना. खिडकी नाही, काही नाही, टर्मिनलवर एक्ससीबीचा, म्हणजे लिनक्सवर खिडकी दाखवणारा, प्लगइन सापडला तरी लोड होत नाही अशी कुरकुर. अर्धा दिवस गेला. क्यूट ६.५ पासून लिनक्सवर लिब-एक्ससीबी-कर्सर-झीरो नावाचं एक छोटं पॅकेज लागतं, आणि ते तिथं नव्हतं. एका ओळीत बसवलं. हे नाव ज्याला माहीत नाही त्याचा अर्धा दिवस जाणार, म्हणून इथं लिहून ठेवतो.

मग दिवाणजी बसले. चष्मा पुसला. पहिलं नाव टाकलं, एंटर मारली. कर्सर जागचा हलला नाही.

फॉक्सप्रोत एंटर म्हणजे पुढचा रकाना. तीस वर्षांची सवय. हे मला ठाऊक होतं आणि मी सोय केलेली होती, घरी दहा वेळा तपासलेली. दिवाणजींनी पुन्हा मारली. मी मान पुढे काढून बघितलं तेव्हा कळलं: ते उजव्या हाताच्या आकड्यांच्या पॅडवरची एंटर मारतात. क्यूटमध्ये मधली मोठी की म्हणजे 'रिटर्न', पॅडवरची 'एंटर', दोन्हींचे कोड वेगळे. मी फक्त पहिला पकडला होता. ब्राउझरमध्ये दोन्हींचं नाव एकच येतं, म्हणून इलेक्ट्रॉनच्या नमुन्यात हे कधी कळलंच नाही. त्यांच्या कीबोर्डवर पॅडवरची ती एक की हळदीनं पिवळी झालेली होती, मधली पांढरीशुभ्र. मी आधी कीबोर्ड बघायला हवा होता.

दुरुस्ती एका ओळीची. तक्त्यातल्या खान्यांना मात्र वेगळा कोड लिहावा लागला, कारण तिथं एंटर मारली की क्यूट खाना बंद करतं, पुढच्या खान्यात जात नाही.

पायथनचा एक सुखद धक्का. दिवाणजी नाव इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टाइप करतात आणि कीबोर्ड परत इंग्रजीवर न्यायला विसरतात. त्यामुळे पोत्यांच्या रकान्यात कधी 45 येतं, कधी '४५'. पायथनला दोन्ही सारखेच. '४५' हा मजकूर आकड्यात बदल म्हटलं की तो मुकाट बदलतो. इलेक्ट्रॉनमधल्या जावास्क्रिप्टला तोच दिला तर ते 'हा आकडाच नाही' असं म्हणतं. लाखाच्या स्वल्पविरामाचं फंक्शन मात्र मला हातानं लिहावं लागलं, तिथं इलेक्ट्रॉन पुढे.

छपाई ही यातली सगळ्यात जड बाब. दुकानात डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, कारण एका फटक्यात कार्बनच्या तीन प्रती निघतात. डॉसमध्ये तो खडखड करत ओळ फेकायचा. त्याच्या पोटातली अक्षरं इंग्रजी, देवनागरी त्यात नसते. त्यामुळे मराठी छापायचं तर प्रत्येक ओळ चित्र म्हणून जाते आणि प्रिंटर तिला ठिपक्या-ठिपक्यानं विणत बसतो. क्यूटचं छपाईचं अंग चांगलं आहे, मिलिमीटरवर मजकूर ठेवता येतो, आणि लिनक्सवरही काही खळखळ न करता छापलं. पण वेग तो वेगच. पहिली पूर्ण पट्टी यायला इतका वेळ लागला की मागचा शेतकरी म्हणाला, "आमची गाडी जाईल ओ."

यावरचा उपाय टूलकिटमध्ये नव्हता, गणपती पेठेतल्या छापखान्यात होता. दुकानाचं नाव, रकान्यांची शीर्षकं, रेघा, 'हमाली', 'तोलाई', सगळं आधीच छापलेला कागद करून घेतला. आता प्रिंटर फक्त नाव आणि गाव चित्रानं काढतो. आकडे इंग्रजी अंकांत थेट प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरांत जातात. खडखड परत आली. आकडे मराठीत का नाहीत असं एकदा अण्णांनी विचारलं. प्रिंटरचा आवाज ऐकवला, पुन्हा विचारलं नाही.

बांधणीबद्दल थोडक्यात. पायइन्स्टॉलरनं (पायथनचा प्रोग्रॅम बांधून देणाऱ्या साधनानं) एकच फाइल करण्याचा मोह आवरा. ती प्रत्येक वेळी सुरू होताना स्वतःला तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते, म्हणून उघडायला उशीर. आणि केबिनमधल्या विंडोजवरच्या अँटिव्हायरसनं तिला सरळ चोर ठरवून कोंडून टाकलं. फोल्डरच द्या. आकार शंभर एमबीच्या वर जातो, या बाबतीत इलेक्ट्रॉनला नावं ठेवायचा मला काही हक्क नाही. फरक रॅममध्ये आणि उघडण्याच्या वेळेत आहे, आणि तो काउंटरवर बसलेल्या माणसाला कळतो.

कुणी विचारलं तर मी असं सांगेन. दुकान एकट्यानं सांभाळायचं असेल, मशीन जुनी असतील आणि पास्कलची लाज वाटत नसेल, तर लाझारस घ्या, डोळे मिटून. वेबची पोरं हाताशी असतील आणि ग्राहकाकडे ८ जीबीचे पीसी असतील तर इलेक्ट्रॉन, भांडत बसू नका. पट्टी, तक्ते, छपाई, कीबोर्ड असलं रुक्ष काम असेल आणि तुमच्या मागे दुसऱ्या कुणाला ते उचलता यावं असं वाटत असेल, तर क्यूट. नवीन हळद यायच्या आत आमचा प्रोग्रॅम चालू झाला आणि एक अख्खा हंगाम त्यानं काढला. रोज सकाळी नमलॉक बंद असतो एवढी एक तक्रार आली होती, तीही गेली.

राहिला तो मॅक. तिथंही प्रोग्रॅम चालतो, कोडची एक ओळ बदलावी लागली नाही. पण अॅपलची सही नसलेला प्रोग्रॅम मॅक आधी उघडतच नाही, सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते. आणि सहीसाठी अॅपलला वर्षाला ९९ डॉलर भरायचे. पोरगा म्हणाला, भरून टाका. अण्णांनी रुपयात किती होतात ते विचारलं आणि फोन माझ्याकडे परत देत म्हणाले, "त्याला सांगा, हिशेब बघायचा आसंल तर गाडीत बस आणि हिकडं ये."